पांढऱ्या टायरपाशी डावीकडे

बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय. ती बादली पालथी घाला आणि बसा. कॉफी कडू आहे, पण गरम आहे. उद्या तुम्ही उत्तरेच्या रस्त्यानं निघणार म्हणालात ना, पार्करवरनं? मग तुम्हाला हॉईटची गोष्ट ऐकल्याशिवाय सोडत नाही मी. एक शब्द वाढवून सांगणार नाही. वाढवायला तिच्यात जागाच नाही.

हॉईट ब्रमेट आमच्या ह्या वाळवंटातल्या तळावर, थंडी चुकवायला लोक घरासकट गाड्या घेऊन येतात तिथं, पंधरा हिवाळे येतोय. मूळचा ओक्लाहोमाचा. पिकअपच्या मागच्या पेटीत हत्यारं, कानावर पेन्सिल. कुणाचा पाण्याचा पंप, कुणाचा पंखा, कुणाचा रेडिओ, सगळं दुरुस्त करायचा. हात चांगला आहे. खोड एकच, सांगितलं तेवढं करून थांबायचं नाही. आमच्यात म्हणायचे, हॉईटला दिवा बदलायला बोलावलं तर तो आधी छप्पर उतरवून खाली ठेवतो. तोही हसायचा. त्याला वाटायचं आपलं कौतुक चाललंय.

फेब्रुवारीतली सकाळ होती. दहा वाजलेले, ऊन अजून अंगाला बरं वाटत होतं. व्हर्ना टॉलेफसनबाईंनी त्याला निरोप धाडला. चौऱ्याहत्तरच्या होत्या त्या तेव्हा. त्यांची मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, अंगावर तपकिरी पट्टे असलेली ती लांबलचक म्हातारी गाडी, चौतीस वर्षांची. तीन वर्षं एका जागी टेकूंवर उभी होती, चाकांना झुडपं बिलगलेली. नवरा एल्डन तीन वर्षांपूर्वी, वसंतात, गाडी इथंच ठेवून उपचाराला त्यांच्या गावी वर उत्तरेत मायनॉटला गेला आणि तिथंच दवाखान्यात वारला. त्याच्यानंतर गाडी चालवणारं कुणी उरलं नाही.

व्हर्नाबाई बाहेर मांडवाखाली सफरचंदं सोलत बसल्या होत्या.

"रेडिओ गप्प झालाय," त्या म्हणाल्या. "पुढचे दोन स्पीकरही मेलेत. लेकीनं नाताळात हा नवा पाठवलाय. तेवढा बसव."

"आणि मागचा? खरखरतोय बघा, इथपर्यंत येतोय आवाज."

"मागच्याला हात लावू नकोस."

"अहो मिस व्हर्ना, एका फेरीत होऊन जाईल." त्याच्या ओक्लाहोमात लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात.

"खरखरू दे. मला सवय आहे त्याची."

"पण—"

"हॉईट, मी तुला छप्पर उतरवायला बोलावलेलं नाही."

हॉईट हसला, टोपी सारखी केली आणि आत गेला.

त्या मागच्या स्पीकरचं तुम्हाला सांगायला हवं. तो एल्डननं स्वतः बसवलेला होता. मागे झोपायच्या खोलीत, उशीच्या वर, वाडग्याएवढा गोल, खाली एक बटण. व्हर्नाबाईंची पाठ लग्नापासूनच अधू. गाडी चालू असली की त्यांना बसवायचं नाही, त्या मागे आडव्या व्हायच्या, नकाशा पोटावर पसरून. एल्डन पुढून चालवता चालवता दिसेल ते त्या स्पीकरवर सांगायचा, व्हर्न, ढोरं बघ, व्हर्न, पूल आला, कॉफी धर. आणि ह्या बटण दाबून त्याला वळणं सांगायच्या. बटण दाबलं की तोच स्पीकर कान व्हायचा. म्हणजे तोंडही तेच आणि कानही तेच. एल्डनला आयुष्यात रस्ता म्हणून सापडला नाही. "माझा रस्ता माझ्या बायकोच्या पोटावर असतो," असं म्हणायचा आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

तर हॉईट कामाला लागला. अशा गाड्यांत बॅटऱ्या दोन असतात, एक इंजिनाची, एक घराची. नवशिके एक काढतात आणि फसतात. हॉईटनं दोन्ही काढल्या. फ्यूज काढले. मग जुना रेडिओ डॅशबोर्डातून ओढून टेबलावर ठेवला. मागे वायरींचं घरटं.

स्पीकर जिवंत आहे का मेलाय ते बघायची सोपी युक्ती आहे. टॉर्चमधला एक सेल घ्यायचा आणि त्याच्या दोन टोकांना स्पीकरच्या दोन वायरी लावायच्या. जिवंत असेल तर टक् करतो. पुढचा डावा टक् म्हणाला. उजव्याचा गंज खरवडल्यावर तोही म्हणाला. म्हणजे स्पीकर धड होते, मेला होता रेडिओ.

मग हाताला सवयच, म्हणून त्यानं तिसरी जोडीही सेलला लावली. मागे जाणारी.

काही नाही.

त्यानं सेल काढून खिशात टाकला. आणि मागच्या खोलीतून आवाज आला. टक-टक. टक-टक. टक-टक. सात-आठ वेळा झाला आणि थांबला. वळण पुरं झालं, चाक सरळ झालं, की इंडिकेटर आपोआप थांबतो ना, तसा.

हॉईटनं स्टिअरिंगखालची इंडिकेटरची दांडी बघितली. मधोमध होती. बॅटऱ्या बाहेर वाळूत पडलेल्या. खिडकीतून बघितलं तर व्हर्नाबाईंची पाठ दिसत होती. सोलायची सुरी मध्येच थांबली होती. मग पुन्हा चालू झाली.

गंजलेला सांधा कधी कधी जवळपासचं रेडिओ केंद्र पकडतो, हे त्याला ठाऊक होतं. एका बाईच्या शेगडीतून रविवारचं प्रवचन ऐकू यायचं, ते त्यानंच बंद करून दिलं होतं. तसलंच काहीतरी असेल, म्हणून त्यानं विषय संपवला.

दुपारी व्हर्नाबाई शेजारणीच्या गाडीतून गावात कपडे धुवायला निघाल्या. पायरीपाशी येऊन पुन्हा म्हणाल्या, "मागचं तसंच राहू दे हं."

दुसऱ्यांदा सांगितलं, लक्षात ठेवा.

नव्या रेडिओच्या कागदावर लिहिलं होतं, प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरी वेगळ्या आणायच्या, गाडीच्या अंगाला कुठलीही टेकवायची नाही. आणि जुन्या गाडीत तर तिन्ही स्पीकरांच्या परतीच्या वायरी एकत्र पिळून, गोळा करून, एका स्क्रूनं पत्र्यालाच आवळलेल्या. तशीच जोडली असती तर नवा रेडिओ तासाभरात जळाला असता. हॉईटनं पुढच्या दोघांच्या सोडवल्या. राहिली एल्डनची.

ती तिथंच पत्र्याला राहू दिली असती तरी चाललं असतं. हे हॉईट स्वतः सांगतो. रेडिओचं काही बिघडणार नव्हतं. पण मागे खरखर चालूच राहिली असती, आणि कुणीतरी म्हणालं असतं की इथं हॉईटनं काम केलंय आणि स्पीकर खरखरतोय. ते त्याच्या मनाला पटेना.

म्हणून तो मागे गेला.

जवळून ती खरखर वाटेना. टायर रस्त्यावर पळताना जो एकसुरी घोष येतो तो होता, आणि मध्ये मध्ये काँक्रीटचे जोड. धड्-धड्. धड्-धड्. हॉईट उभाच राहिला. मग एका माणसाचा आवाज आला, थकलेला पण गप्पिष्ट.

"गाढवं आहेत, व्हर्न. रानातली. चार. नाही, पाच. एक पिल्लू आहे."

हॉईट पलंगावर बसला. कुठला तरी ट्रकवाला बोलतोय, असं त्यानं मनाशी म्हटलं. ते लोक ट्रकमधल्या रेडिओवरून एकमेकांशी दिवसभर बडबडतात. मग त्याला वाटलं, जुनी कॅसेट असेल कुठंतरी. त्यानं उशा उचलून बघितल्या. कॅसेट नव्हती. नकाशा होता.

त्यावर पेन्सिलीच्या फुल्या होत्या आणि प्रत्येक फुलीशी तारीख. पहिली मायनॉटला. तारीख तीन वर्षांपूर्वीच्या वसंतातली, एल्डन गेला त्या दिवसाची. तिथून फुल्या खाली खाली आलेल्या. कधी आठवड्यात चार मैल, कधी महिनाभर एकाच जागी. वायोमिंगमध्ये अख्खा एक हिवाळा. मग युटा. मग किंगमन. शेवटची फुली पार्करच्या अलीकडे, इथून वीस मैलांवर. तारीख कालची.

आणि काल तर व्हर्नाबाई दिवसभर आमच्यात डॉमिनो खेळत होत्या. हॉईट त्यांच्यासमोरच बसला होता.

त्यानं सगळं बघितलं. बघून नकाशाची घडी घातली आणि होता तसा उशीखाली ठेवला. बाईमाणसाची खाजगी गोष्ट.

मी त्याला नंतर विचारलं होतं, सगळं बघूनही वायर का रे कापलीस? तो म्हणाला, भ्यालो. भ्यालो की मला जे येतं तेच मी करतो.

त्यानं पक्कड घेतली.

"व्हर्न, समोर पाणी दिसतंय," स्पीकर म्हणाला. "नाही गं, नुसतं ऊन आहे. आता इथून पुढं कुठं—"

कट्.

मग त्यानं वायर सगळी ओढून काढली. तीस फूट होती. पिशवीत मावेना म्हणून तुकडे केले. नवी वायर टाकली, नवा स्पीकर बसवला, स्वच्छ. बॅटऱ्या जोडल्या. गाणं लागलं, पुढं आणि मागं, काचेसारखं. आणि आवाज असा छान आला म्हणून त्याला, खरं सांगतो, बरंही वाटलं.

व्हर्नाबाई कपड्यांची टोपली घेऊन पायरी चढल्या.

"मागचंही करून टाकलं," हॉईट म्हणाला. "त्याचं काही द्यायचं नाही."

त्यांनी टोपली खाली ठेवली. हळूच, अंडी असावीत तशी. मागे गेल्या.

हॉईटला बटण दाबल्याचं ऐकू आलं.

"एल्डन, आता सरळच ये."

गाणं वाजत होतं.

"एल्डन?"

गाणं संपलं. दुसरं लागलं.

त्या परत आल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर हॉईट आज बरा असता.

"वायर कुठं आहे?"

त्यानं पिशवी टेबलावर ओतली. अकरा तुकडे. त्या एकेक उचलून बघत राहिल्या.

"वीस मैल राहिले होते रे," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगायचं राहिलं होतं. गावाच्या पुढं, पांढऱ्या टायरपाशी डावीकडे. तळाकडे यायचं तेच एक वळण."

"मिस व्हर्ना, मला—"

"त्याला रस्ता सापडत नाही, हॉईट. त्याला कधीच सापडलेला नाही."

तीन दिवस हॉईट त्या गाडीत बसून होता. अकरा तुकडे डाग देऊन जोडले. जुना स्पीकर पुन्हा बसवला, जुना गोळा पुन्हा पिळला, तोच गंजका स्क्रू कचऱ्यातून शोधून तिथंच आवळला. नवा रेडिओ काढून पिकअपमध्ये फेकला. व्हर्नाबाई त्याला जेवायला द्यायच्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी, डोंगर तांबडे झाले तेव्हा, स्पीकर बोलला.

टक-टक.

टायरचा घोष नाही. माणूस नाही. नुसतं टक-टक, टक-टक.

सात-आठ झाले. थांबलं नाही.

व्हर्नाबाईंनी बटण दाबलं. "पांढऱ्या टायरपाशी डावीकडे." पुन्हा दाबलं. पुन्हा सांगितलं. घसा बसेपर्यंत सांगत होत्या. हॉईट दारात उभा होता, टोपी हातात घेऊन.

तोंड परत आलं होतं. कान आला नव्हता.

आणि तो कुठल्या तरी वळणावर गाडी उभी करून, इंडिकेटर लावून, कुणी सांगण्याची वाट बघत बसला होता.

एप्रिलमध्ये लेक येऊन व्हर्नाबाईंना घेऊन गेली. त्यांनी नकाशा नेला आणि गाडी हॉईटला दिली. विकली नाही, दिली. "तो आलाच तर कुणीतरी घरात पाहिजे," म्हणाल्या. ती बघा, तपकिरी पट्ट्यांची, दिवा लागलाय ती. हॉईट तिथंच राहतो आता. दुरुस्तीची कामं घेत नाही. दर रविवारी चारला व्हर्नाबाईंचा फोन येतो. हॉईट फोन नेऊन स्पीकरला लावतो. त्या थोडा वेळ टक-टक ऐकतात आणि ठेवतात. ह्या फेब्रुवारीत दोन वर्षं होतील.

तुम्हाला का सांगतोय म्हणाल. मागच्या आठवड्यात इथं एक कॅनडाचं जोडपं उतरलं होतं, तुमच्याच वयाचं. हॉईटचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, ह्या गाडीचंही काही नव्हतं. बाई बोलता बोलता म्हणाली, पार्करपासून आमच्या रेडिओत काहीतरी बिघाड होता, इंडिकेटर लावलेला नसताना टक-टक येत होती. मग एका माणसानं अगदी अदबीनं विचारलं, माफ करा, वळायचं ते इथंच का?

मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

म्हणाली, आवाज बंद केला.

तर उद्या जाताना तुमच्या गाडीत टक-टक आली, तर तेवढं करू नका. बटण असेल तर बटण दाबा, नसेल तर नुसतं मोठ्यानं बोला, जमलं तर तुमच्या मंडळींना बोलू द्या, बाईचा आवाज तो लवकर ऐकतो. सांगा, गावाच्या पुढं, पांढऱ्या टायरपाशी डावीकडे. दोनदा सांगा. घरात माणूस आहे म्हणावं.

आवाज तेवढा बंद करू नका.