न गळणारी गाडी

लॉन्ड्रीवाल्या वहिनींना गाडी हवी होती, ती काही मिरवायला नव्हे. नवऱ्याच्या किडन्या पार बसल्या होत्या. आठवड्यातून दोन-तीनदा रक्त शुद्ध करायला दवाखान्यात न्यायचं, आणि भाड्याच्या गाड्यांनी नेमका त्याच दिवशी दगा द्यायचा. मागे एक खेप चुकली तेव्हा नवऱ्याचा श्वास असा कोंडला, की वहिनींच्या पायांखालची जमीनच सरकली. पुन्हा चुकली तर माणूस हातचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्टच बजावलं होतं.

जुन्या गाड्या पाहून पाहून जीव मेटाकुटीला आला होता. परवडेल ती चालत नव्हती, चालेल ती परवडत नव्हती. शेवटी जुन्या गाड्यांच्या एका दुकानात ही पांढरी सापडली. इंजिन ठणठणीत, टायर बरे, किंमत आवाक्यातली.

"एवढी स्वस्त म्हणजे कुठंतरी गोम आहे," दीर म्हणाला. तो मेकॅनिक, संशय घेणं हाच त्याचा धंदा. "वहिनी, काचा लावून आत बसा. मी पाइपनं वरून पाणी मारतो. आत थेंब दिसला की काचेवर ठोका, लगेच थांबतो." कुठलीही जुनी गाडी तो अशीच तपासायचा.

"म्हणजे आज तुम्ही माझीच धुलाई करणार तर!"

"दादासमोर माझी काय बिशाद!"

बाकावर बसलेला दादा, वहिनींचा नवरा, थकल्या तोंडानं हसला. कितीतरी दिवसांनी हसला बिचारा.

दार लागलं. टपावर पाणी तडतडू लागलं, काचांवरून ओघळू लागलं. आत जुन्या रेक्झिनचा वास होता. मग हळूहळू त्यात गाळाचा वास मिसळला. वहिनींनी वाकून पायांखाली हात फिरवला. खडखडीत कोरडं.

मान वर केली, तर काचेच्या खालच्या कडेला बाहेरून पाणी साचलेलं. ओघळत नव्हतं. उभं होतं... गढूळ, आणि सावकाश वर चढत होतं. त्याच्या वर लख्ख ऊन, हातात पाइप घेऊन शीळ घालणारा दीर. वहिनींनी काचेवर ठोकलं. मग दोन्ही मुठींनी बडवलं. तो आपला शीळच घालत होता. दाराची कडी हातात नुसतीच लुळी हलली. पाणी काचेच्या वर गेलं, आणि आत अंधार झाला.

अगं आई गं! वहिनींचा हात काचेच्या बटणाकडे धावला.

"काच... उघडू नका," मागच्या सीटवरून कुणीतरी अगदी हळू म्हणालं. "मी... उघडली होती."

मागे वळून बघायची वहिनींची छाती झाली नाही.

खट्कन दार उघडलं. ऊन आत आलं. "एक थेंब नाही! डोळे मिटून घ्या हिला."

"मी... ठोकत होते हो, भावजी."

"छे! कान देऊन होतो मी. एकदाही नाही."

मागची सीट रिकामी होती. वहिनी बाहेर आल्या आणि थेट दुकानदाराच्या खोलीकडे निघाल्या.

"नको मला ही. फुकट दिली तरी नको."

"अहो, उद्या दादाला न्यायचंय," दीर मागोमाग येत म्हणाला. "एका दिवसात दुसरी कुठून पैदा करू?"

वहिनींना रडूच फुटलं. पण नको म्हणजे नको.

खोली रिकामी होती. त्या मागे वळल्या, तर बाकही रिकामा. दुकानदार गाडीकडून हात पुसत येत होता.

"साहेबांना मागं बसवून बघितलं, ताई. पाय अगदी ऐसपैस मावतात."

वहिनी धावल्या. कडी ओढली. दिरानं ओढली, मग दुकानदारानं. दार हललंसुद्धा नाही. काचेआडून नवऱ्यानं त्यांच्याकडे प्रेमानं पाहिलं. मग तो कुणालातरी जागा करून द्यावी तसा थोडा सरकला, आणि त्या बाजूला मान वळवून काहीतरी बोलला.

आणि त्या कोरड्या गाडीत त्यानं हनुवटी वर उचलली... आणखी वर... तोंड छताला टेकेपर्यंत.