वल्ह्याला लावलेला कान

दुपारी सव्वादोन वाजता तेलाचं जहाज प्रवाळावर चढलं.

वारा नव्हता. उजेड लख्ख होता. इंजिन बंद पडलं आणि जहाज वाहत आलं, एवढंच.

ती बातमी आमच्या पेपरात मीच दिली होती. त्यानंतर माझ्या बहिणीच्या घरात जे घडलं, ते मात्र कुठेही छापलेलं नाही. ते खरं आहे. मी स्वतः पाहिलं-ऐकलं, किंवा ताईने मला सांगितलं, तेवढंच इथे लिहितो.

भावजी काचेच्या तळाच्या होडीतून लोकांना प्रवाळ दाखवायचे. पाणी गढूळ असलं की वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचे आणि दांड्याला कान लावायचे.

जिवंत प्रवाळाला आवाज असतो. ओलं लाकूड जळताना तडतडतं, तसा. त्यात राहणाऱ्या बारीक कोळंब्या नांग्या वाजवतात. त्या आवाजावरून भावजी होडी नेमक्या जागी न्यायचे.

"दाराला कान लावला की कळतं ना, घरात कुणी आहे का? तसंच," म्हणायचे.

तेल पसरलं. किनारा काळा झाला. गिऱ्हाईक नव्हतं, तरी भावजी रोज होडी घेऊन जायचे. परत आले की ताई विचारायची,

"काही ऐकू आलं?"

"नाही."

पुढे तिने विचारणं सोडलं. त्यांनी बोलणं सोडलं. आले की खोलीत जाऊन पडायचे.

एका सकाळी ताई न्हाणीघरात साठवलेल्या पाण्याने कपडे धूत होती. भिंतीतून आवाज आला...

तड... तड तड...

तिला वाटलं, नळ गेला. तिने प्लंबरला बोलावलं. त्याने सगळे सांधे उघडून पाहिले.

"ताई, पाइपात काही नाही. पाणीसुद्धा नाही. आज पाणी बंद आहे, विसरलात की काय?"

"मग वाजतंय काय? माझं डोकं?"

"ते मी दुरुस्त करत नाही," म्हणून तो हसला. मग त्याने भिंतीला कान लावला... आणि हसायचा थांबला.

"पलीकडून येतंय. तिकडे नळ आहे का?"

"तिकडे आमचे हे झोपलेत."

प्लंबर लगेच निघाला. पान्हा तिथेच राहिला. तो न्यायला आजपर्यंत आलेला नाही.

भावजींना डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा मी बरोबर होतो. डॉक्टरांनी छातीला नळी लावली. सरकवली. पुन्हा लावली.

"तेलाच्या वाफा गेल्या असतील. फुफ्फुसात अशी तडतड येते कधी कधी."

एक्स-रे काढला. स्वच्छ होता.

डॉक्टरांनी कानातून नळी काढून टेबलावर ठेवली.

"मला अजून ऐकू येतंय..." ते म्हणाले. "तुम्हाला?"

मलाही येत होतं.

परतताना रिक्षात भावजी बोलले. कितीतरी दिवसांनी.

"हे माझं नाही. नेऊन सोडलं पाहिजे."

"तुम्ही कुठेही जायचं नाही," ताई म्हणाली. "पाण्यावर तर नाहीच."

"अगं, त्यांना दुसरं घर नाही."

"आणि मला आहे?"



दुसऱ्या दिवशी ताई कपडे वाळत घालून गच्चीवरून खाली आली, तर दार सताड उघडं होतं. कोपऱ्यातलं वल्हं नव्हतं.

तिचा फोन आला तसा मी धावलो. एका होडीवाल्याला घेऊन प्रवाळावर गेलो. भावजींची होडी नांगर टाकून उभी होती. ते होडीच्या काठावर वाकून बसले होते. वल्हं पाण्यात होतं.

पण दांडा कानाला नव्हता...

छातीला होता.

आम्ही हाताला धरलं. ते मुकाट आमच्या होडीत आले.

"झालं," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून घरातली तडतड बंद झाली. ताई गाढ झोपली. मला वाटलं, सुटलो.

आठवड्याने तिचा फोन आला. "ये जरा."

गेलो, तर भावजी जेवत होते. ताई दाराशी उभी होती.

"त्यांच्या छातीला कान लाव."

"ताई, काय हे?"

"लाव म्हणते ना."

भावजींनी ताट बाजूला सारलं. दवाखान्यात काढतात तशी सदऱ्याची बटणं काढली. मी कान लावला.

अंग गरम होतं. त्यांचा श्वास माझ्या केसांना लागत होता. मी थांबलो... कान थोडा डावीकडे नेला... पुन्हा थांबलो.

"काही ऐकू आलं?" ताईने विचारलं.

"नाही."

भावजींनी बटणं लावली आणि ताट पुढे ओढलं.

प्रवाळाच्या पाहणीसाठी आलेल्या संशोधक बाईंनी पाण्यात माइक सोडून ठेवला आहे. गेल्या आठवड्यात बातमीसाठी त्यांना भेटलो. आजूबाजूला सगळं मेलेलं असताना एका ठिकाणी तडतड पुन्हा सुरू झाली आहे, म्हणाल्या. त्यांनी ती मला ऐकवली.

तडतडीच्या मागे आणखी एक आवाज आहे. संथ. दोन ठोके, थोडी फट... पुन्हा दोन ठोके.

"हे लाटांचं नाही," बाई म्हणाल्या. "कुठल्या प्राण्याचं, तेही कळत नाही."

मी बातमीत फक्त तडतड लिहिली.

आज दुपारी ताईला फोन केला. भावजी जेवले. झोपलेत.

"कान लावलास?" मी विचारलं.

"नाही लावत आता," ती म्हणाली.