उद्याचा रकाना

पोरगा पुढे कसा होणार हे कळायला मी आधी त्याचा बाप बघतो. एकतीस वर्षं मी एका अमेरिकन क्लबासाठी बेसबॉलची पोरं निवडतोय आणि हा माझा पहिला नियम आहे. सोळा वर्षांचं काटकुळं पोर पुढे भरेल की तसंच राहील, हे वेग मोजणारी गन सांगत नाही. बापाचे खांदे सांगतात. आमच्या अहवालात प्रत्येक गुणापुढे दोन रकाने असतात, एक आजचा आणि एक उद्याचा. आजचा कोणीही शेंबडा भरेल. मला पगार मिळतो तो उद्याच्या रकान्यासाठी, आणि उगाच विनय कशाला, त्यात मी फारसा चुकलेलो नाही.

मार्चमध्ये मी कोन्सुएलो या साखरेच्या गावी गेलो तो योएल्विन नावाच्या सोळा वर्षांच्या पोरासाठी. साखर कारखान्यामागचं ते मैदान मला पाठ आहे. उजव्या कुंपणापलीकडे ऊस, डाव्या कुंपणाला लागून ऊसगाडीचे रूळ, आणि वारा पडला की मळीचा आंबूस वास. पोराला तयार करत होता एलिहियो, माझा जुना दोस्त आणि त्याहून जुना बढाईखोर. सकाळी सातला त्याने योएल्विनला पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, उंचवट्यावर उभं केलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू पोराला त्यानेच जन्म दिलाय.

पहिलाच चेंडू नव्वद मैलांचा. कॅचरच्या हातमोज्यात तो असा वाजला की रुळांवरच्या शेळ्या दचकल्या. अंग सैल, मनगट मऊ, आणि प्रत्येक चेंडूआधी टोपीचं टोक दोन बोटांनी चिमटायची सवय. पुढचे वीस चेंडू मी डोळे मिटून नुसते ऐकले. कान फसत नाही. ऐंशीपैकी पंचेचाळीस, असं मी आजच्या रकान्यात लिहिलं. सोळाव्या वर्षी हे पुष्कळच झालं.

डोळे उघडले तेव्हा तो माणूस दिसला. डाव्या कुंपणापलीकडे पालथ्या खोक्यावर बसला होता. पस्तिशीचा, उंच, योएल्विन जिथे जिथे भरायला हवा तिथे तिथे भरलेला. मी बघत असतानाच त्याने टोपीचं टोक दोन बोटांनी चिमटलं. चला, बाप घरबसल्या सापडला, असं म्हणत मी उद्याच्या रकान्यात सत्तर लिहून टाकले.

दुसऱ्या दिवशी एलिहियोने पोराचा नवा कर्व्ह दाखवला. चेंडू सरळ येता येता फळीवरून घसरल्यासारखा खाली जायचा. एलिहियो टाळ्या वाजवत होता. कुंपणापलीकडचा माणूस मात्र प्रत्येक कर्व्हला मान हलवत होता. नाही, नाही. पाणी प्यायच्या निमित्ताने मी कुंपणाशी गेलो. त्याच्या उजव्या कोपराच्या आत वीतभर लांब व्रण होता. तो व्रण आमच्या धंद्यात पन्नास पावलांवरून ओळखू येतो. पिचरच्या कोपरातला अस्थिबंध फाटला की डॉक्टर तिथेच कापतात आणि कित्येकांचा खेळ तिथेच संपतो.

म्हणजे बापही पिचर होता. पण या भागातला एकही पिचर माझ्या नजरेतून सुटलेला नाही, आणि हा मला आठवत नव्हता. ते खटकलं.

एलिहियोला विचारलं तर तो भडकला. "माझ्या पोरावर पाळत ठेवायला तूच माणूस बसवतोस आणि वर मलाच विचारतोस, तो कोण म्हणून? शाबास रे नापो!"

मग योएल्विनला विचारलं. इथे मोठ्या माणसाला मानाने डॉन म्हणतात, बाईला दोन्या. तो लाजत म्हणाला, "दुसऱ्या क्लबाचे असतील, डॉन नापो. रोज येतात. बोलत काहीच नाहीत. कर्व्ह त्यांना आवडत नाही वाटतं."

त्याच दुपारी मी पोराच्या घरी गेलो. आई, दोन्या फेलिसिया, कारखान्यातल्या कामगारांचे कपडे शिवते. तिने गोडमिट्ट कॉफी दिली. भिंतीवर एका बुटक्या, हडकुळ्या माणसाचा फोटो होता.

"त्याचे बाबा," ती म्हणाली. "माझ्या कानापर्यंत यायचे. हा पोटात असतानाच गेले. दोन्ही घरांत उंच कोणी नाही, हा कोणावर गेलाय देव जाणे."

भाऊ, काका, मामा, सगळे विचारून झाले. कोणी नव्हतं. मी कप खाली ठेवला आणि उठलो.

निघताना तिने माझी बाही धरली. "त्याला धडधाकट ठेवाल ना? माझ्याकडे तेवढा एकच आहे."

मी शब्द दिला. घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? पण मी हातपाय गाळणारा माणूस नाही. तो बाप नव्हता, तर मग पोराचाच उद्याचा रकाना होता; आणि तो जे सांगत होता ते मीही सांगितलंच असतं. कोवळ्या कोपराला कर्व्हचा पीळ सोसत नाही. क्लबाला फोन करून मी करारात अट घालून घेतली, एकोणिसाव्या वर्षापर्यंत कर्व्ह बंद. एलिहियो दोन तास फणफणत होता. सकाळी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सह्या झाल्या. दोन्या फेलिसिया रडली, पोरगा हसला.

मग तो पिचिंगला उभा राहिला. फक्त सरळ चेंडू. ब्याण्णव. ब्याण्णव. त्र्याण्णव.

खोक्यावर तो होताच. मी तडक कुंपणाशी गेलो.

कोपर स्वच्छ होतं. एक टाकासुद्धा नव्हता.

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. "वाचवला बघ," मी मोठ्याने म्हणालो.

त्याने माझ्या आवाजाकडे तोंड फिरवलं. जरा उशिरा, आणि माझ्या थोडं बाजूला.

मागे कॅचरने परत फेकलेला चेंडू निसटला. कुंपणाखालून घरंगळत तो त्या माणसाच्या बुटाला टेकला.

"डॉन नापो," योएल्विन ओरडला, "त्यांना टाकायला सांगा ना!"

माणूस वाकला. त्याचे डोळे उघडेच होते.

चेंडू बुटाशी होता. तो दोन्ही हातांनी गवत चाचपत राहिला.