काचपेटीतला उपाशी नाग

बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता चाकणजवळच्या खराबवाडीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये, उंदराने नागाचा चावा घेतला.

चावा एकच नव्हता. माशांच्या जुन्या काचपेटीच्या कोपऱ्यात नाग वेटोळं घालून पडला होता. वर तारेची जाळी, जाळीवर दगड. उंदीर मोठा होता आणि भुकेला होता. त्याने आधी नागाची पाठ हुंगली, मग दात लावले. नागाने फणा काढला, फुत्कार टाकला, पण तोंड उघडलं नाही. उंदीर जरा मागे सरला आणि पुन्हा त्याच जखमेवर तुटून पडला. काचेवर रक्ताचा ओघळ आला.

"हे उलटंच झालं!" पत्र्याच्या भोकाला डोळा लावलेला आयुष म्हणाला. "उंदीरच नागाला खातोय!"

"हळू बोल!" मिनलने धाकट्या भावाला बाजूला ओढलं आणि स्वतः आत बघितलं.

दोघं दापोडीहून मे महिन्याच्या सुट्टीत बुद्धरत्नमामाकडे आली होती. तिसरा समर्थ, मामाच्या शेजारचा. त्याचे बाबा मालोजी लातूरकडून इकडे येऊन शेडला लागूनच असलेल्या कारखान्यात पत्रा ठोकून आकार देणारी प्रेसची मशीन चालवत. तिघांना इथवर आणलं होतं एका विचित्र गोष्टीने. वाडीतला सर्पमित्र सनी घरोघर सांगत फिरत होता, "पिंजऱ्यात उंदीर सापडला तर मारू नका. जिवंत मला द्या."

साप जंगलात सोडणाऱ्या माणसाला जिवंत उंदीर कशाला लागतात? उत्तर समोर होतं, आणि मिनलने भोकातून पुन्हा निरखून बघितलं. हा नाग तिच्या ओळखीचा होता! सुट्टीच्या सुरुवातीला तो मामाच्या मोरीत निघाला होता. माणसं काठ्या घेऊन धावली, एक काठी शेपटीवर बसलीही. तेव्हा मिनलच दारात आडवी उभी राहिली. "मारू नका! सनीदादाला बोलवा, तो सोडून देईल!" सनीने नाग बरणीत भरला आणि संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं, "सोडला डोंगरात." शेपटीवरची ती काठीची खूण आता काचेपलीकडे स्पष्ट दिसत होती.

शेडचं दार धाडकन उघडलं. सनी आत आला.

"आजपण नाही खाल्लास?" त्याने चिमट्याने उंदीर उचलला आणि भिंतीवर आपटला. उंदीर पुन्हा हलला नाही. मग त्याने नागाला आकड्याने बाहेर ओढलं, काठीने मान दाबली आणि जबडा फाकवला. दुसऱ्या हातातल्या लांब पकडीत कोंबडीच्या मांसाचा तुकडा होता.

"गीळ! गीळ म्हणतो ना!"

पकड घशात शिरली. नागाचं अंग चाबकासारखं जमिनीवर आपटत राहिलं. तोंडाच्या कडेतून रक्त आलं. तुकडा आत गेला आणि तसाच बाहेर पडला. सनीने शिवी हासडून नागाला पेटीत फेकलं.

"सोड त्याला!" आयुष किंचाळला.

संपलं! तिघं पळाली. मिनल आयुषला फरफटत घेऊन भिंतीपलीकडे गेली, पण समर्थचा पाय पत्र्याच्या भंगारात अडकला. सनीने त्याची कॉलर धरली आणि दोन सणसणीत थोबाडीत दिल्या. समर्थच्या नाकातून रक्त ठिबकू लागलं.

"तोंड उघडलंस तर तुझा बाप मशीनवरून उतरला म्हणून समज! कारखाना माझ्या काकाचा आहे, कळलं?"

मामा पहिल्या शिफ्टवरून आल्यावर मिनलने सगळं सांगितलं. मामा हसला. "अगं, अख्ख्या वाडीचे साप तोच धरतो. दुसरा साप असेल बाळा. साप सगळे सारखेच दिसतात."

"आणि समर्थचं नाक?"

"पडलो मी," समर्थ खाली बघत म्हणाला. मामा चहाला उठला.

मिनलने मामाचा फोन घेतला आणि वनखात्याच्या हेल्पलाइनला लावला. अर्ध्या तासाने वनरक्षक पूनमताईंचा फोन आला. "मी डोंगरात वणव्यावर आहे. उद्या सकाळी पोहोचते. तोवर त्याने साप हलवला नाही म्हणजे झालं! तुम्ही मात्र सापाजवळ जायचं नाही. ऐकलंस?"

तिघं घराच्या मागे पायरीवर बसली.

"मला एक कळेना," आयुष म्हणाला. "उपाशी आहे तर खात का नाही? मी तर भाजी आवडली नाही तरी खातो."

"तू चपलापण खाशील," समर्थ नाकाला ओला रुमाल लावून म्हणाला.

मिनलचं लक्ष नव्हतं. तिला पेटीतली पाण्याची वाटी आठवत होती. पाणी सारखं थरथरत होतं! धाड... धाड... धाड... प्रत्येक ठोक्याला एक वलय.

"समर्थ, शेडशेजारी ती धाडधाड रोज चालू असते?"

"कसली धाडधाड?"

"अरे, प्रेसची! आत्तापण येतेय ना इथवर!"

समर्थने कान टवकारले. "हां, ती होय! आमच्या ध्यानातच येत नाही ती. झोपेतबी चालू असती."

"तुमच्या नाही येत. पण साप पोटावर असतो, जमीन हलली की त्याला सगळं अंगात जाणवतं. दिवसरात्र कोणीतरी आपल्याकडे धावत येतंय असंच वाटत असणार त्याला! लपायला जागा नाही, चारी बाजूंनी काच. अशात कोण जेवेल?"

समर्थ ताडकन उठला. "उद्या गुरुवार हाय! एमआयडीसीला सुट्टी. प्रेस बंद!"

मिनल हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

संध्याकाळी ती एकटी चौकात गेली. सनी टपरीवर उभा होता.

"सनीदादा, तो का खात नाही ते मला माहीत आहे."

"पळ इथून!"

"उद्या खाईल. जिवंत उंदीर नको, मेलेला ठेवा. पेटीत फुटक्या माठाचा तुकडा पालथा घाला, त्याला लपायला. वर पोतं टाका. आणि कोणी हात लावायचा नाही."

सनीने तिला वरून खालपर्यंत बघितलं. जंगलात नागाने शिकार केल्याचा व्हिडिओ टाकतो, असं तो सगळ्यांना सांगून बसला होता. पोरं रोज विचारत होती, हसत होती.

"नाही खाल्लं तर?"

"तर मला वेडी म्हणा. पण रेकॉर्ड करू नका हं. लोक म्हणतात, जोडून जोडून केलंय. लाइव्ह केलं तर कोण खोटं म्हणेल?"

"लाइव्हमध्ये शेड दिसेल, येडे."

"पेटीभोवती पाला लावा की!"

सनीने मान डोलावली. स्वतःच्या गुन्ह्याला स्वतःच तोरण बांधायला तो तयार झाला होता!

गुरुवारी सकाळी वाडी गप्प होती. प्रेस बंद होती. शेडच्या उघड्या दाराबाहेर तिघं उभी राहिली. आत पाऊल टाकायचं नाही, हे मिनलने दोघांना बजावलं होतं. पेटीला आंब्याचे टहाळे लावले होते. काठीवर बसवलेल्या फोनसमोर सनी दबक्या आवाजात बोलत होता, "मित्रांनो, आपण आहोत घनदाट जंगलात..."

मागून कोंबडा आरवला. समर्थने हसू दाबायला तोंडात मूठ कोंबली.

बराच वेळ काहीच हललं नाही. वाटीतलं पाणी आरशासारखं स्थिर होतं. मग माठाच्या तुकड्याखालून एक काळी जीभ बाहेर आली. डोकं आलं. नाग संथपणे उंदरापाशी सरकला. जखमी जबडा उघडला आणि त्याने उंदराचं डोकं तोंडात धरलं!

"खातोय!" आयुष कुजबुजला.

सनीला राहवलं नाही. "पाहा मित्रांनो!" म्हणत त्याने पोतं ओढून काढलं, जाळी सरकवली आणि फोन काठीवरून उपसून दिवा लावून थेट पेटीत घातला. नागाने उंदीर टाकला. फणा उभा राहिला. पुढचं इतक्या झटक्यात झालं की सनी ओरडला तेव्हा नाग त्याच्या मनगटाला लटकत होता!

सनीने हात झटकला. पेटी कलंडली आणि काच फुटली. नाग जमिनीवर पडला, तसाच भंगाराच्या पिंपामागे शिरला.

"दादा, खाली बसा! पळू नका!" मिनल ओरडली. "हातातलं कडं काढा! मामा! मामाऽऽ!"

आवाजाने माणसं धावली. कोणीतरी दोरी काढली. "बांधायचं नाही! कापायचं नाही!" मिनल गरजली. मामाने सनीला उचललं, हात हलू न देता गाडीत घातलं. "दवाखान्यात! थेट!" गाडी सुटली.

तेवढ्यात सनीचा काका आबाजी लोखंडी गज घेऊन आत घुसला. "कुठं हाय त्यो? ठेचूनच काढतो!" गजाचा पहिला घाव पिंपावर बसला. पत्रा फाटला. दुसऱ्या घावाला पिंप आडवं झालं आणि मागे दबलेला रक्ताळलेला नाग उघडा पडला. आबाजीने गज डोक्यावर नेला.

"आबाजी, हसा!" आयुष दारातून ओरडला. "लाइव्ह चालू आहे अजून!"

सनीचा फोन काचांमध्ये, फुटक्या पेटीला टेकून आडवा उभा राहिला होता. पडद्यावर शेड होती, आंब्याचे टहाळे होते, आणि गज उचललेला आबाजी होता. खालून एकामागून एक प्रतिक्रिया सरकत होत्या. आबाजीचा हात हवेतच राहिला.

"हे जंगल हाय व्हय?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"गज खाली ठेवा," दारातून आवाज आला. धुळीने माखलेल्या गणवेशात पूनमताई उभ्या होत्या. हातात आकडा आणि कापडी पिशवी. "पत्ता शोधायला त्रास नाही झाला. मिनलने कळवलं तसं वाटेतच लाइव्ह बघत आले सगळं."

नाग पिशवीत गेला. आबाजीचा जबाब झाला. दुपारी मामा दवाखान्यातून परतला तेव्हा त्याच्या शर्टावर सनीच्या उलटीचे डाग होते. तो पायरीवर मुलांच्या शेजारी टेकला.

"डॉक्टर म्हणाले, हात बांधला नाही, वेळेत आणला, म्हणून औषध लागू पडतंय." मग थांबून म्हणाला, "काल मी तुझं ऐकायला हवं होतं, मिनल. तुम्ही तिघांनी आज दोन जीव राखले."

"आणि मी खोटं बोललो पडल्याचं," समर्थ म्हणाला.

"तुझ्या बाबांबरोबर उद्या गेटवर मी उभा राहतो. बघू कोण उतरवतं मशीनवरून!"

शुक्रवारी मालोजी मशीनवर चढले, आबाजीने अडवलं नाही. सनीवर गुन्हा दाखल झाला. दोन बोटं वाचतील की नाही, हे डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही.

रविवारी संध्याकाळी पूनमताईंचा फोन आला. नाग उपचार केंद्रातल्या शांत, अंधाऱ्या खोलीत आहे. जबड्याला सूज आहे, पाठीची जखम भरायला लागली आहे. आदल्या दिवशी त्याच्या खोक्यात मेलेला उंदीर ठेवला होता.

"खाल्ला?" तिघांनी एकदम विचारलं.

"सकाळी बघितलं तेव्हा उंदीर जागेवरून सरकलेला होता," पूनमताई म्हणाल्या. "गिळलेला नव्हता. झाकण पुन्हा लावलंय. आता कोणी हात लावायचा नाही."