उणीव-अंक

कॉलेजच्या मैदानावर आता दोन फलक असायचे. एकावर सामन्याचे गुण, दुसऱ्यावर खेळाडूंचे उणीव-अंक. प्रेक्षक पहिल्या फलकाकडे बघायचे, खेळाडू दुसऱ्याकडे.

कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूंना पगार सुरू होऊन अकरा वर्षं झाली होती. पगार म्हटला की तो कशावर ठरवायचा, हे आलंच. आधी बास्केटवर ठरवून पाहिला, तर कोणी कुणाला पास देईना. मग पासवर ठरवला, तर बास्केट करायची जबाबदारी जो तो दुसऱ्यावर ढकलू लागला. अखेर लीगने शास्त्रज्ञांना बोलावलं. कुणावाचून कुणाचं अडत नाही, असं आपली वडीलधारी माणसं सांगत आली. शास्त्रज्ञांनी नेमकं किती अडतं तेच मोजायला घेतलं.

पद्धत समजायला अवघड नव्हती. मुलींच्या जर्सीत विणलेले तंतू नाडी आणि स्नायूंचा ताण टिपत, छतावरचे कॅमेरे नजर टिपत. त्यावरून संगणक प्रत्येकीची एक हुबेहूब प्रतिकृती तयार करी. तिला प्रतिखेळाडू म्हणत. सामना संपला की या प्रतिखेळाडूंना घेऊन संगणक तोच सामना वीस हजार वेळा खेळून बघे, आणि मग एकीला काढून, तिच्या जागी राखीव मुलगी घालून, पुन्हा वीस हजार वेळा. दोन्हींत जो फरक पडे, तो तिचा उणीव-अंक. शंभरापैकी जेवढा जास्त, तेवढा पगार जास्त.

याचा पहिला फटका शिकवण्याला बसला. राखीव मुलगी जितकी तयार, तितका आपला अंक कमी, हे न कळायला खेळाडू काही दुधखुळे नव्हते. मोठ्या मुलींनी लहान मुलींना आपले डावपेच दाखवणं बंद केलं. ते काम प्रशिक्षकांच्या गळ्यात पडलं, आणि यंदापासून लीगने प्रशिक्षकांचाही अंक काढायला सुरुवात केली.

नागपूरच्या एका महिला महाविद्यालयात दिवाकर भोयर बावीस वर्षं संघ घडवत होते. त्यांचा अंक आला एक पूर्णांक चार.

दहाच्या खाली असलेल्यांचे करार मार्चमध्ये नूतनीकरण न करता सोडून द्यायचे, असा नियम होता. भोयर सर छप्पन्न वर्षांचे होते आणि या मैदानाखेरीज त्यांना दुसरं काही येत नव्हतं. यंत्र बिघडलं असणार, असं धरून ते विद्यापीठात डॉ. केतकी पांढरीपांडे यांच्याकडे गेले. या बाईंनीच नागपूर विभागाची गणना उभी केली होती.

बाईंनी चहा मागवला आणि यंत्र ठणठणीत असल्याचं सांगितलं. सरांचा एक रिवाज सगळ्या विदर्भाला ठाऊक होता. चौथ्या क्वार्टरची, म्हणजे सामन्याची शेवटची दहा मिनिटं ते तोंडातून शब्द काढत नसत. सामना हातचा जातोय असं दिसलं तरी नाही. खेळ मुलींचा आहे, शेवट त्यांनीच ठरवायचा, असं ते म्हणत. बाकीचे प्रशिक्षक तेव्हा घसा फोडून ओरडत असायचे.

"तुमच्या मौनातूनच यंत्र शिकलं, सर," बाई म्हणाल्या. "तुम्ही गप्प असताना मुली तितक्याच चांगल्या खेळतात. म्हणजे तुम्ही नसलात तरी काही अडत नाही."

"मॅडम, त्यांचं माझ्यावाचून अडू नये, म्हणून तर बावीस वर्षं घातली मी."

"ते मला कळतं. पण अंक उणीव मोजतो. तुम्ही उणीव ठेवलीच नाहीत." चहाचा कप सरांपुढे सरकवत त्या म्हणाल्या, "थोडं हातचं राखून शिकवा ना."

सर तणतणत परत आले. हातचं राखून शिकवायचं म्हणजे चोरी, असं त्यांचं मत होतं, आणि ते बदलायचं त्यांच्या मनात नव्हतं.

प्रशिक्षकांचे अंकही फलकावर लागतच होते. संघाची कर्णधार त्रिशा नन्नावरे, चिमूरकडची मुलगी, बोलायला कमी आणि डोक्याने तल्लख. तिने सगळ्यांना कँटीनमध्ये तर्री-पोह्यांवर जमवलं आणि सरांना न सांगता एक गोष्ट ठरवली. पुढच्या सामन्यापासून चौथ्या क्वार्टरमध्ये कुठलाही निर्णय घेण्याआधी प्रत्येकीने सरांकडे बघायचं. सरांनी मान हलवली की खेळायचं, नाही हलवली तर अडखळायचं. दोन-तीन सामने हरले तरी चालतील.

अंक अठरावर गेला, मग चाळीसवर. लीगच्या कचेरीतून सरांना अभिनंदनाचा फोन आला. सरांना संशय आला आणि त्यांनी त्रिशाला बाजूला घेतलं.

"काय करून राहिल्या तुम्ही? अभिनय?"

"हो सर," ती म्हणाली. "तुम्ही गेले तर आम्हाला एखादा ओरडणारा माणूस देतील. मार्चपर्यंत चालू द्या ना."

सरांना राग यायला हवा होता. पण त्यांना भरून आलं. बावीस वर्षांत त्यांच्यासाठी कुणी एवढं केलं नव्हतं. मार्चपर्यंतच तर आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि गरज पडेल तशी मान हलवू लागले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तीन वर्षांचा करार झाला. सरांनी पेढे वाटले, नाटक संपलं म्हणून मुलींना सांगितलं आणि पुढच्या सामन्यात चौथ्या क्वार्टरला पूर्वीसारखे हाताची घडी घालून बसले. मुली चेंडू घेऊन पुढे गेल्या आणि थबकल्या. नजरा सरांकडे वळल्या. नियमाच्या चोवीस सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकावा लागतो. तसे तीन वेळा चोवीस सेकंद नुसते सरले. सामना गेला.

सरांना वाटलं, पोरींना सवय सुटायला वेळ लागेल. तरी ते पुन्हा बाईंकडे गेलेच. बाईंनी पडद्यावर त्रिशाचे दोन आलेख लावले, एक डिसेंबरचा, एक मार्चचा.

"डिसेंबरमध्ये बघा. पास द्यायच्या दिशेला तिचा खांदा आधी ताणला जातो, आणि मग ती तुमच्याकडे बघते. म्हणजे निर्णय झालेला होता, बघणं नावापुरतं होतं. आता मार्च. आधी नजर, मग तुमची मान, आणि त्यानंतर खांदा."

"म्हणजे?"

"म्हणजे आता ती नाटक करत नाही, सर. चाळीसचा अंक खोटा होता, हे मान्य. आताचा एकाहत्तर खरा आहे."

उपांत्य सामना रायपूरला झाला. अकरा सेकंद उरले होते, संघ एका गुणाने मागे, चेंडू त्रिशाकडे. बास्केटखाली ओवी नावाची मुलगी एकटी, मोकळी उभी होती. ती मागच्या रांगेतल्या प्रेक्षकांनाही दिसत होती. त्रिशाने सरांकडे पाहिलं. गप्प बसलो तर सामना जाईल आणि कदाचित पोरगी परत स्वतःच्या डोक्याने खेळू लागेल, बोललो तर उलटं होईल, हे सरांना स्वच्छ कळत होतं. त्यांनी सहा सेकंद दम धरला.

"ओवी," ते म्हणाले.

पास गेला, बास्केट झाली. मुलींनी सरांना उचलून घेतलं. फलकावर त्यांचा अंक चौऱ्याण्णव उमटला, सगळ्या लीगमधला सर्वांत मोठा, आणि सरांना तो वाचून आनंद झाला. तो आनंद त्यांनी झटकून टाकायचा प्रयत्न केला, पण तो काही गेला नाही.

जूनमध्ये नवीन मुली आल्या. सरावाच्या सामन्यांत चौथ्या क्वार्टरला सर सलग बोलत होते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सराव संपल्यावर सर चेंडू गोळा करत असताना एका नव्या मुलीने त्रिशाला विचारलं, "ताई, पहिले म्हणे सर शेवटची दहा मिनिटं काहीच बोलत नव्हते. काहून?"

त्रिशाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि काय सांगायचं हे विचारायला सरांकडे पाहिलं.