घड्याळजींची खुर्ची

आठवड्यातून तीनदा मी बायकोला डायलिसिसला घेऊन जातो. यात सांगण्यासारखं तसं काही नाही. सकाळची वेळ, खांद्याला पिशवी, पिशवीत तिची शाल. तिची मूत्रपिंडं निकामी झाली त्याला बराच काळ लोटला. आत लांबलचक खोलीत ओळीने खुर्च्या आहेत आणि प्रत्येक खुर्चीशेजारी एक यंत्र. हातात सुया टोचतात, रक्त नळीतून बाहेर जातं, धुऊन परत येतं. नातेवाइकांना आत मज्जाव. आम्ही बाहेरच्या बाकावर बसायचं आणि मोठ्या काचेतून बघत राहायचं.

आजारपणात ती अबोल झाली होती. घरात तिचे शब्द म्हणजे ‘हं’, ‘नको’ आणि ‘ठेवा तिथे’. तिच्यासाठी मी बिनमिठाचा स्वयंपाक शिकलो, भाज्या उकळून पाणी फेकायला शिकलो, प्यायचं पाणी मापून द्यायला शिकलो. त्याबदल्यात मला दिसायची ती भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या बाईची पाठ.

आणि आत? आत ती हसायची!

तिच्या शेजारच्या खुर्चीत घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ असत. एकटा जीव. सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. काच जाड, त्यामुळे शब्द ऐकू येत नसत. त्यांचे ओठ हलताना दिसायचे आणि मग हिचे खांदे हलताना. साठी उलटलेला माणूस मी, पण बाकावर बसल्या बसल्या माझा तिळपापड व्हायचा.

“काय एवढं हसत होतीस?” परतताना मी विचारायचो.

“काही नाही. त्यांची आपली गंमत.”

ती गंमत माझ्या वाट्याला कधी आली नाही.

मग एके दिवशी घड्याळजी आले नाहीत. पुढच्या वेळीही नाहीत. सिस्टर दारात भेटल्या तेव्हा कळलं, गेले.

“त्यांनी येणंच सोडलं हो,” त्या म्हणाल्या. “वरून थट्टामस्करी, पण आतून पार खचले होते. यंत्र सगळ्यांना तेच, औषधं तीच. येत राहिले असते तर कितीतरी वर्षं काढली असती.”

मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, मनात कुठेतरी हुश्शही झालं. आता तरी ही काचेकडे, म्हणजे माझ्याकडे, बघेल.

त्या दिवशी घड्याळजींचं यंत्र बिघडलेलं होतं. त्यावर चादर टाकून ठेवली होती. खुर्ची रिकामी होती. आणि माझी बायको त्या खुर्चीकडे मान वळवून बोलत होती.

माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांच्या डोळ्यांत बघण्यात माझा जन्म गेला. शून्यात बघणाऱ्याची नजर सैल असते. समोर हातभर अंतरावर कुणी असेल, तर दोन्ही बुबुळं किंचित आत वळतात. तिची वळलेली होती. मधेच ती बोलायची थांबली, ऐकत राहिली... आणि तिचे खांदे हलले.

घरी आल्यावर तिची शाल घडी करताना मला एक वास आला. औषधांचा नव्हे. घड्याळात थेंब थेंब घालतात, त्या बारीक तेलाचा.

“कुणाशी बोलत होतीस गं?”

ती भिंतीकडे बघतच म्हणाली, “ते म्हणतात... एकदा सोडून दिलं ना, की फार हलकं वाटतं.”

मी ती शाल धुण्यात टाकली.

त्यानंतर ती झपाट्याने ढासळत गेली. चोरून पाणी प्यायची, पाय सुजायचे, आडवं झालं की धाप लागायची. उशीच्या अभ्र्यात मला न घेतलेल्या गोळ्या सापडल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला आपल्या खोलीत बोलावलं.

“मूत्रपिंडाचं आम्ही बघतोय. पण ही उदासी आहे ना, हासुद्धा आजारच आहे. मन आजारी असलं की माणूस औषध घेत नाही, पथ्य पाळत नाही, आणि मग शरीराचं दुखणंही हाताबाहेर जातं. तिकडे लक्ष दिलं नाही, तर त्या फार दिवस काढणार नाहीत. आमचे मनाचे डॉक्टर आहेत, चांगले आहेत. त्यांना दाखवा.”

“माझी बायको काय वेडी आहे?”

“वेडं कोण म्हणालं, काका? तिथे फक्त मोकळेपणी बोलायचं असतं.”

तेच तर! कुणी परका पुरुष तिच्यासमोर खुर्ची टाकून बसणार, आणि माझ्यासमोर मिटलेलं तोंड त्याच्यासमोर उघडणार. एक मेलेला पुरेसा नव्हता, म्हणून आता एक जिवंतही? मी मान डोलावली, आणि तिला त्या डॉक्टरांकडे काही नेलं नाही.

पुढच्या खेपेला ती घरातून निघायलाच तयार होईना.

“आता नको,” ती म्हणाली. “पुरे झालं.”

मी हात जोडले. रागावलो. शेवटी तिच्या पायांशी बसून रडलो. तेव्हा तिला माझी दया आली की काय कोण जाणे, “बरं, आजचा दिवस,” म्हणाली. एवढाच दिवस माझ्या हातात होता.

मी सिस्टरना म्हटलं, “मला आत बसू द्या. त्या रिकाम्या खुर्चीत.” त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नियम बाजूला ठेवला.

उन्हं खिडकीतून फरशीवर आली होती. यंत्रांची घरघर चालली होती. मी खुर्चीत टेकलो आणि दचकलो. खुर्ची ऊबदार होती... कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी. मग पाठीतून गारवा चढत गेला, मानेपर्यंत. तेलाचा वास इतका दाट झाला की घशाशी आला.

“अगं,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत होती, पण तिची नजर माझ्या पाठीमागे कुठेतरी होती. मग ती नजर हळूहळू जवळ सरकली, माझ्या चेहऱ्यावर येऊन थांबली, आणि बायको हसली. लग्न झालं त्या वर्षी हसायची तशी.

“आलात?”

त्या दिवशी आम्ही बोललो. मी तिला एका हट्टी लंबकाची गोष्ट सांगितली, मालकाच्या सासूबाई घरात आल्या की तो बंद पडायचा. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ही गोष्ट मला कुठून आली ते मला माहीत नाही. लंबकाचं घड्याळ मी आयुष्यात कधी उघडलेलं नाही.

त्यानंतर ती एकही दिवस चुकवेना. ते यंत्र बंदच होतं, आणि सिस्टर मला दर खेपेला त्या खुर्चीत बसू देऊ लागल्या. गोळ्या घेऊ लागली, पाणी मापून पिऊ लागली, पायांची सूज उतरली. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. “गेलात वाटतं आमच्या डॉक्टरांकडे?” त्यांनी विचारलं. मी “हो” म्हणालो. घरी मात्र तीच पाठ, तोच ‘हं’. पण मला त्याचं काही वाटेनासं झालं. आतले ते तास माझे होते. जेवण जात नव्हतं, दुकान उघडावंसं वाटत नव्हतं, सकाळी अंथरुणातून उठणं म्हणजे डोंगर वाटायचा, तरी मी त्या खुर्चीची वाट बघायचो.

परवा ती खुर्चीतून माझ्याकडे झुकली. आवाज अगदी खाली आणला.

“एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार की.”

“तुम्ही इथे असता, तेव्हा... आमचे हे कुठे जातात?”

मीच तो, असं म्हणायला हवं होतं. म्हणालो असतो तर ती खुर्ची तिच्यापुरती रिकामी झाली असती, आणि तिने येणं सोडलं असतं. तिचा जीव त्या एका उत्तरावर होता. पण हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की ते हसू मला सोडवेना.

“बाहेर बसलेत,” मी म्हणालो. “बाकावर.”

तिने मान वळवून काचेकडे पाहिलं. मीही पाहिलं. बाक रिकामा होता.

तिचा चेहरा मात्र उतरला, घरी उतरतो तसा.

“हो की,” ती पुटपुटली. “बाई गं... कसे जळून बघताहेत आपल्याकडे.”

त्यानंतर मी काचेकडे पाहिलेलं नाही. बाकावरचा तो कसा बघत असेल, ते मला पक्कं ठाऊक आहे.