वर्नाबाईने न खणलेले खड्डे

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याला पटत नसेल त्याने पेनसिल्व्हेनियातल्या ब्रँट्स लॉक गावात यावं, कॅनल पार्कच्या गवतावर पाच मिनिटं अनवाणी उभं राहावं, आणि मग माझ्याशी वाद घालावा.

वार मंगळवार. ऑक्टोबरची चौदा तारीख. वेळ दुपारी सव्वातीन.

हो, दुपारी. लख्ख उजेडात. समोर दोन बायका कुत्री फिरवत होत्या. रात्र होईपर्यंत थांबण्याचा धीर या गोष्टीत कुणालाच नव्हता. सगळेच चिडलेले होते.

सगळ्यांत जास्त चिडली होती वर्ना क्लिंगर. वय एकाहत्तर. आयुष्यभर शाळेची बस चालवली. तिच्या बसमध्ये पोरं शिंकायचीसुद्धा परवानगी घेऊन. निवृत्त झाल्यावर तिने मेटल डिटेक्टर घेतला आणि गेली चौदा वर्षं ती कॅनल पार्कमध्ये जुनी नाणी शोधत होती. घरी बसले तर भिंतींशी भांडेन, असं ती म्हणायची. भिंतींची बाजू घेणारंही घरात कुणी नव्हतं.

पार्कच्या जागी पूर्वी कालवा होता. तो घाईघाईने बुजवला, असं जुने लोक सांगतात. त्या घाईत काय काय बुजलं, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

वर्नाची एक पद्धत होती. गवत तीन बाजूंनी कापायचं, चौथी बाजू उत्तरेला तशीच ठेवायची, आणि डब्याच्या झाकणासारखं ते उलटायचं. माती कापडावर काढायची. नाणं मिळालं की माती परत आत, झाकण बंद, वर पायाने दाब. खणल्याची खूण आठवडाभरात नाहीशी. खड्डा उघडा टाकून जाणाऱ्या माणसाला तुरुंगात टाकावं, असं तिचं स्पष्ट मत होतं.

आणि सोमवारी सकाळी पार्कच्या मुकादमाने तिला बोलावून उघडे खड्डे दाखवले.

"अकरा आहेत," मुकादम म्हणाला. ड्वेन पिकेट त्याचं नाव.

"मला मोजता येतं, ड्वेन. तू बसच्या पायरीवर रडत बसायचास तेव्हापासून येतं."

"शनिवारी पळणाऱ्या एका बाईचा घोटा मोडला, वर्नाबाई. गुरुवारी पार्कची समिती बसतेय. खणणारा सापडला नाही तर मशीनवाल्या सगळ्यांनाच बंदी. कायमची."

"मग शोध ना त्याला! माझं तोंड काय बघतोस?"

ड्वेनने नजर बुटांकडे वळवली. "कापलंय अगदी तुमच्यासारखं."

तिने वाकून पाहिलं.

तीन बाजू कापलेल्या. चौथी उत्तरेला.

आणि प्रत्येक खड्ड्यात, मधोमध, एक नाणं. चांदीचं. शंभरावर वर्षं जुनं. पुसून, चकचकीत करून ठेवलेलं.

"चोराने चोरी तरी करावी की!" वर्ना ओरडली.

असं गवत कापणारी गावात दोनच माणसं. एक ती. दुसरा तिने शिकवलेला लाइल ब्रुबेकर. लाइल गॅरेजमध्ये पिळाचा खारा प्रेट्झेल खात बसला होता. ती सरळ अंगावर गेली.

"नालायका, माझं नाव घालवलंस!"

"कुठलं? लोक पाठीमागे घेतात ते की समोर घेतात ते?"

"पार्कमध्ये अकरा खड्डे उघडे टाकलेस!"

"त्यांत काय होतं?"

"चांदीची नाणी."

"आणि ती तिथेच ठेवली?"

"हो!"

लाइलने प्रेट्झेल खाली ठेवला. "बये, तू मला चाळीस वर्षं ओळखतेस. मी हॉटेलातली मिठाची पुडीसुद्धा टेबलावर सोडत नाही."

मुद्दा बिनतोड होता. त्यामुळे वर्ना आणखीच भडकली.

मंगळवारी तिने अकराही खड्डे स्वतः बुजवले. तेव्हा एक गोष्ट तिच्या लक्षात आली.

माती नव्हती.

खड्डा खणला की बाजूला ढीग होतो, निदान चार ढेकळं तरी पडतात. इथे चिमूटभरही नाही. शिव्या देत तिने स्वतःच्या अंगणातून दोन बादल्या माती आणली. मग थर्मास आणि मशीन घेऊन बाकावर बसली. येऊ दे आता कोण येतो ते.

कुणी आलं नाही.

सव्वातीन वाजले. पक्षी गप्प होते. कधीपासून, ते तिला सांगता येईना.

आणि मग आवाज आला…

च्र्र्र्र. ओल्या पुठ्ठ्यात सुरी फिरावी तसा.

थांबला.

च्र्र्र्र.

तिसऱ्यांदा तो तिच्या अगदी मागे आला. ती वळली. बाकामागे बारावा खड्डा उघडा होता. गवताचं झाकण अजून हलत होतं.

आसपास माणूस नाही.

तिने कापाच्या कडेवरून बोट फिरवलं. सुरी वरून घातली की काप वर रुंद आणि खाली निमुळता होतो. हा काप वर निमुळता होता…

खाली रुंद.

कुणी तरी खालून कापलं होतं. आणि माती वर आली नव्हती, म्हणजे ती खाली पडली होती. जिथे पडली, तिथे पडायला जागा होती.

दुसरं कुणी असतं तर पळालं असतं. वर्नाने हेडफोन चढवले.

आता एक सांगितलं पाहिजे. हे मशीन लोखंडालाही ओरडतं. आणि पार्कात खिळेच खिळे. म्हणून नाणी शोधणारे सगळेच मशीनला लोखंडापुरतं मुकं करून ठेवतात. ते मुकेपण काढायचं बटण चौदा वर्षांत वर्नाने कधी दाबलं नव्हतं. खाली लोखंड काय म्हणतंय, ते तिने कधी ऐकलंच नव्हतं.

तिने बटण दाबलं.

घुर्र्र.

जाडा, खालच्या पट्टीतला आवाज. डावीकडे एक, उजवीकडे एक. मधे वीतभर जागा. तिने मशीन फिरवून आकार पाहिला. लांबट. टाचेकडे गोल.

टाचेकडे… कारण ते बूट होते. तळाला खिळे ठोकलेले.

बरोबर तिच्या बुटांखाली. तळव्याला तळवा लावून.

ती एक पाऊल पुढे सरकली.

घुर्र्र. तेही सरकलं.

ती बाकाला वळसा घालून गेली. बूट बरोबर आले. ती थांबली. ते थांबले. अर्ध्या पावलाने उशिरा…

कुत्रीवाल्या बायका निघून गेल्या होत्या. कुत्री त्यांच्याही आधी.

"ए!" वर्ना जमिनीवर ओरडली. "खाली कोण मेला आहेस तो! माझ्या नावावर खड्डे पाडतोस? चौदा वर्षांत मी एक खड्डा उघडा टाकलेला नाही! तुझे अकरा बुजवले मी, माझ्या अंगणातल्या मातीने! लाज आहे का?"

आणि तिने उजवा पाय दाणकन आपटला.

मग खालून… धाड.

तिचा तळवा झिणझिणला. पुन्हा, धाड. धाड.

वरच्या मजल्यावर कुणी फर्निचर ओढायला लागलं की खालचा भाडेकरू वैतागून छताला दांडा ठोकतो ना? अगदी तसं.

वर्नाच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. चौदा वर्षं ती कुणाचं तरी छत खणत होती. नाणी त्याने स्वतःच वर काढून ठेवली होती. घे एकदाची, आणि नीघ.

आयुष्यात पहिल्यांदा तिला उलट उत्तर सुचलं नाही. ती मुकाट्याने डांबरी वाटेवर गेली आणि घर येईपर्यंत गवतावर पाय टाकला नाही. या गोष्टीचा राग तिला आजही सगळ्यात जास्त आहे.

गुरुवारी समितीपुढे तिने हात वर केला.

"खड्डे मी खणले."

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षांनी विचारलं, "पण का, बाई?"

"हौस. बंदी घाला. सगळ्यांना घाला. आणि नीट घाला, नाही तर परत खणेन."

ड्वेनला ती खोटं बोलतेय हे दिसत होतं. त्याने पुन्हा बुटांकडे पाहिलं. बंदी मंजूर झाली. वर्नाने आपला खणण्याचा परवाना तिथेच टेबलावर टाकला.

बाहेर लाइलने तिला गाठलं. "माझंही मशीन बंद पाडलंस, म्हातारे! वेड लागलंय का?"

"जन्मभर चिडून राहा माझ्यावर. पण त्या गवतावर जाऊ नकोस."

पार्कमधले खड्डे थांबले. एकही नवीन नाही. आता पोरं रस्त्यात वर्नाला 'घोटेमोडी' म्हणून हाका मारतात. आणि ती उलट ओरडत नाही, हे पाहून गावाला जरा भीतीच वाटते.

लाइलचा राग नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत टिकला. मग तो भोपळ्याची गोड पेस्ट्री घेऊन तिच्याकडे गेला. थंडी कडाक्याची. वर्ना अंगणात खुर्चीवर बसली होती. कानाला हेडफोन, मांडीवर मशीन.

तिने त्याच्यापुढे खुर्ची सरकवली. तो बसल्यावर हेडफोन त्याच्या कानावर चढवले आणि मशीन त्याच्या हातात देऊन आपल्या बुटांजवळ धरायला लावलं.

घुर्र्र. घुर्र्र.

मग तिने त्याला सगळं सांगितलं.

"इथे कधीपासून?" त्याने विचारलं.

"समिती बसली त्या दिवसापासून."

"ऊठ. माझ्याकडे चल. वरच्या मजल्यावर खोली रिकामी आहे."

"परवाना गेला. नाव गेलं. सगळं त्याच्यापायी. आता घरही सोडू?" तिने थंड कॉफीचा घोट घेतला. "येऊ दे वर. मलाही बोलायचंय."

लाइल हे सांगताना नेहमी इथे थांबतो, आणि बसल्या जागी सांगत असला तरी एकदा खाली पाहतो. ऐकताना मीही पाहतो.

तो म्हणतो, मशीन परत देताना हातातून थोडं घसरलं. त्याच्या स्वतःच्या बुटांवरून गेलं.

घुर्र्र…

दोन आणखी.

त्याने हळूच दोन्ही पाय उचलले आणि खुर्चीच्या दांडीवर ठेवले.

वर्नाने ठेवले नाहीत.